भार कमी करा

उभं पोस्टर होतं आणि त्यावर तीनच शब्द: ‘भार कमी करा’. विषय मुलांच्या दप्तरांचा. रुंदी कमी, उंची भरपूर, अक्षरं लांबून दिसायला हवीत. अशा जागेला काय लागतं ते आपण सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. जाड, अरुंद, उंच, खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली अक्षरं. लॅटिन लिपीत असे फाँट पोत्यानं मिळतात. देवनागरीत मला त्या दिवशी मनासारखा एकही सापडला नाही, म्हणून मी रोजच्या वापरातला एक ठळक फाँट घेतला, आडवा साठ टक्क्यांवर दाबला आणि काम उरकलं असं समजलो.

छापून भिंतीवर लावल्यावर काहीतरी आजारी वाटत होतं. नेमकं काय, ते मोजल्यावर कळलं. मूळ फाँटमध्ये उभा दंड १०० युनिट जाड होता आणि शिरोरेषा ८०. (अक्षराच्या चौकटीच्या उंचीचे हजार भाग केले तर त्यातला एक म्हणजे युनिट.) आडवं दाबल्यावर दंड ६० झाला, शिरोरेषा मात्र ८०च राहिली. म्हणजे अक्षराचे पाय बारीक आणि डोक्यावर ओंडका. गोलाईचं तर विचारूच नका. व च्या पोटाची बाजू बारीक आणि तळ जाड, जणू कोणी त्याला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलंय. अक्षर अरुंद करणं म्हणजे ते दाबणं नाही, ते पुन्हा काढणं आहे, हे मी आधी वाचलेलं होतं. वाचलेलं कळायला अशी एक छपाई लागते.

मग ठरवलं की आपणच काढू. पूर्ण फाँट, मराठीपुरता. दोन-तीन महिन्यांत होईल असा अंदाज होता. दीड वर्ष लागलं.

सुरुवातीला मी लॅटिनमधली जुनी कामं समोर ठेवली. सेरिफ, म्हणजे रेघांच्या टोकांना असणाऱ्या छोट्या आडव्या पायऱ्या, नसलेला पहिला छापील टाइप कॅस्लन या टाइप ओतणाऱ्या फाउंड्रीच्या १८१६च्या नमुन्यात दिसतो, तोही फक्त कॅपिटल अक्षरांत. पुढे १८२७च्या सुमाराला डॅरियस वेल्सनं लाकडी टाइप यंत्रानं कापायची सोय केली आणि जाहिरातीची अक्षरं हव्या त्या उंचीची होऊ लागली. शिशाचं एवढं मोठं अक्षर ओतायचं तर ते जड आणि महाग; लाकूड हलकं. कागदाची रुंदी ठरलेली आणि शब्द मोठा, तेव्हा अक्षर अरुंद होणार हे ओघानंच आलं. या जातीची अक्षरं गरजेपोटी जन्मली, आणि म्हणूनच मला ती आवडतात.

सगळ्यात जास्त शिकवलं ते मॉरिस फुलर बेंटनच्या १९०३च्या ‘ऑल्टरनेट गॉथिक’ या टाइपनं. त्यानं एकच अक्षर तीन रुंद्यांत केलं आणि तिन्ही स्वतंत्र काढली. एकावर एक ठेवून पाहिलं की कळतं, रुंदी बदलताना त्यानं प्रत्येक वेळी पोटातली पोकळी, खांद्याचं वळण, जोडाची जागा पुन्हा ठरवली आहे. दुसरं उदाहरण ‘इम्पॅक्ट’चं. जेफ्री लीनं तो १९६५मध्ये केला. आता त्याची इतकी थट्टा झाली आहे की त्याच्याकडे कोणी नीट बघत नाही, पण कागदावर जास्तीत जास्त शाई आणि छोट्या अक्षरांना जास्तीत जास्त उंची हा त्याचा हिशोब फार साफ आहे. मी तो मोठा करून छापला आणि पांढरे भाग लाल पेन्सिलनं रंगवले. काळ्यात हरवलेली पांढरी फट ठिकठिकाणी जवळपास सारखीच निघाली. अशा अक्षरात काढायची असते ती फटच. काळं उरलेल्या जागेत आपोआप बसतं.

इथवर सगळं लॅटिन. देवनागरीकडे आलो आणि पहिल्याच दिवशी हिशोब फिसकटला.

मी दंडाची जाडी १४० युनिट आणि आतली फट ६० युनिट धरली होती. लॅटिन एच घ्या: दोन दंड, मध्ये एक फट, एकूण ३४०. आपला व घ्या: पोटाची बाजू, फट, दंड. तेही ३४०. छान. आता क घ्या. डावं पोट, फट, दंड, फट, उजवी शेपटी: तीन वेळा १४० आणि दोन वेळा ६०, म्हणजे ५४०. आणि झ, फ, क्ष अजून रांगेत उभेच आहेत. ‘कणकवली’सारखा शब्द लिहिला की दोन क दोन जाड पाहुण्यांसारखे बसतात आणि बाकीचे अंग चोरून.

यावर उपाय एकच. रुंद अक्षरात प्रत्येक रेघ थोडी सडपातळ करायची आणि कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही. माझ्या क मध्ये आज डावी बाजू १२०, दंड १३६, उजवी शेपटी ११२ आणि दोन्ही फटी ५२ आहेत. बेरीज ४७२. इंचभर अक्षरात हा फरक दिसत नाही, हातभर अक्षरात पट्टी लावली तरच सापडतो. पण हे आकडे मला गणितानं मिळाले नाहीत. एकवीस वेळा छापून मिळाले. कागद जमिनीवर ठेवायचा, खुर्चीवर चढून डोळे बारीक करून बघायचं. जे अक्षर आधी काळं दिसेल ते चुकलं. घरातल्यांना त्या काळात माझी काळजी वाटत होती.

मग शिरोरेषा. बोरूनं लिहिलेल्या देवनागरीत उभी आणि आडवी रेघ जवळपास सारख्याच जाडीची येते, कारण बोरूची कापच तशी तिरकी असते. म्हणून मी शिरोरेषाही १४०ची ठेवून पाहिली. एक शब्द बरा दिसला. तीन शब्दांची ओळ केली तर वर सलग काळा पट्टा आणि त्याला लोंबकळणारी अक्षरं, दोरीवर वाळत घातलेले कपडे जणू. लॅटिनमध्ये प्रत्येक अक्षर सुटं असतं, आडव्या रेघांची जाडी फक्त त्या अक्षरापुरती भोवते. आपल्याकडे एक आडवी रेघ अख्ख्या शब्दावर राज्य करते. शिवाय आडवी रेघ डोळ्याला उभीपेक्षा जाड भासते, तो भुर्दंड वेगळाच. उतरत उतरत ९६वर थांबलो. ९०ला पट्टा गेला, पण अक्षरं सुटी पडल्यासारखी वाटली. १०४ला पट्टा परत आला. ९६ का, याला माझ्याकडे त्यापलीकडे कारण नाही.

रुंदीची भीती होती, पण खरी मारामारी उंचीशी झाली.

लॅटिनमधल्या अशा मथळ्यांची अर्धी गंमत कॅपिटल अक्षरांत आहे. वर काही नाही, खाली काही नाही, त्यामुळे ओळी विटांसारख्या एकावर एक रचता येतात. ‘बेबास न्यू’सारख्या लोकप्रिय फाँटला तर छोटी अक्षरंच नाहीत. आपल्याला ही चैन नाही. ‘मूर्तींची’ हा शब्द घ्या. खाली दीर्घ ऊकार. वर दुसरी वेलांटी, तिच्यावर रफार, त्याच्या कुशीत अनुस्वार. अक्षराला जितकी उंची द्याल तितकी मात्रांची खोली आक्रसते. मात्रांना जागा द्याल तर अक्षर बुटकं होतं आणि मग तो अरुंद फाँट उरतच नाही, नुसता किरकोळ अंगाचा फाँट होतो.

मी आधी मात्रा जशाच्या तशा ठेवून अक्षर उंच केलं. दोन ओळींत पहिल्या ओळीचा ऊकार दुसरीच्या वेलांटीत घुसला. मग मात्रा चेपल्या. त्या शिरोरेषेवर बसलेल्या सुरवंटांसारख्या दिसू लागल्या. शेवटी जुळलं ते असं: तळरेषेपासून शिरोरेषेपर्यंत ७०० युनिट, वर १९०, खाली १७०. एकूण १०६०, म्हणजे हजाराच्या चौकटीतून साठ युनिट बाहेर. एक मात्रा गोल न ठेवता जवळजवळ सरळ तिरकी केली, जाडी ९०वर आणली. अनुस्वाराचा ठिपका गोल न ठेवता उभट चौकोनी केला, कारण गोल ठिपक्याला तेवढीच जाडी दाखवायला जास्त जागा लागते. आणि ‘वेलांटी अधिक रफार अधिक अनुस्वार’ ही त्रयी सुटे तुकडे जुळवून बसेना, तेव्हा तिचं एकच ग्लिफ, म्हणजे फाँटमधला एकच अखंड आकार, काढलं. वेलांटीच्या टोकातूनच रफार फुटतो आणि ठिपका त्याच्या आत बसतो. अख्ख्या फाँटमध्ये मला सर्वांत आवडलेलं चित्र कोणतं विचाराल तर ते हेच. मथळ्यात ते वर्षातून एकदा येईल.

पहिल्या वेलांटीचं मात्र उलट झालं. तिची कमान अक्षराच्या दंडापर्यंत पोचावी लागते, म्हणून नेहमीच्या फाँटमध्ये तिच्या कमी-जास्त लांबीच्या बऱ्याच प्रती ठेवतात. ‘स्थिती’मधली स्थि आणि ‘रवि’मधली वि यांना एकच कमान चालत नाही. अरुंद फाँटमध्ये अक्षरांच्या रुंदीतला फरकच कमी, त्यामुळे माझं पाच प्रतींत भागलं. एवढ्या भांडणात एक तरी फायदा पदरात पडला.

आता बहिणीची गोष्ट. चाळीसेक अक्षरं आणि मात्रा तयार झाल्या तेव्हा मी हौसेनं तेच पोस्टर नव्या अक्षरांत छापलं आणि दारामागे लावलं. ती आली, चपला काढता काढता वर बघून म्हणाली, “दादा, हे ‘मार कमी करा’ काय आहे? शाळेतल्या मारापायी?”

मी म्हटलं, “भार आहे तो.”

“असेल. मला मार दिसतोय.”

तिचं बरोबर होतं. भ आणि म मध्ये फरक काय? भ ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते आणि तिथे एक छोटी घुंडी असते. तेच ध आणि घ चं. वाचनाच्या फाँटमध्ये ती फट हवेशीर असते. माझ्या जाडीत घुंडी फुगून शिरोरेषेला टेकली होती. मी रोज त्या अक्षराकडे बघत होतो आणि ते भ आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून मला भ च दिसत होता. ज्याला शब्द आधीच माहीत आहे त्याच्या वाचण्याला काडीची किंमत नाही.

त्यानंतर मी एक यादी केली, जोड्यांची. भाग आणि माग, धार आणि घार, भान आणि मान, धडा आणि घडा. रवाना आणि खाना, कारण र आणि व जवळ आले की ख होतो. दर्या आणि दऱ्या. एकेक शब्द कागदावर, संदर्भाशिवाय. दुरून, थोडा वेळ, वेगवेगळ्या माणसांना दाखवायचे आणि त्यांनी मोठ्यानं वाचायचं. मधे बोलायचं नाही. हे न बोलणं फार अवघड जातं.

भ आणि ध दुरुस्त करायला दोन महिने गेले. घुंडी शिरोरेषेखाली उतरवली, तिचा गोल मोडून जवळपास आकडीसारखी केली, फट ४८ युनिटांची ठेवली. शब्दाच्या सुरुवातीला भ आता स्वच्छ दिसू लागला. पण ‘आभार’ लिहिलं आणि पुन्हा ‘आमार’! कारण वेगळं होतं. दोन अक्षरांच्या शिरोरेषांमध्ये केसाएवढी भेग दिसू नये म्हणून प्रत्येक शिरोरेषा चौकटीबाहेर दहा-बारा युनिट काढून ठेवायची पद्धत असते. मागच्या कान्याची ती जीभ भ च्या फटीत शिरत होती. भ, ध आणि थ यांच्या डावीकडे मग वेगळं अंतर दिलं, तेव्हा कुठे ‘आभार’ मानता आले.

जाड रेघ जाड रेघेला मिळते तिथे काळा डाग साचतो. ब च्या पोटातली तिरकी रेघ, पोटफोड्या ष, म ची गाठ. तिथे कोपऱ्यात बारीक खाचा पाडाव्या लागतात. मॅथ्यू कार्टरनं १९७८मध्ये टेलिफोन डिरेक्टरीसाठी केलेल्या ‘बेल सेंटेनियल’मध्ये अशा खाचा प्रसिद्ध आहेत, तिथे अक्षर अगदी बारीक आणि कागद शाई पसरवणारा, म्हणून. माझं अक्षर हातभर मोठं, शाई पसरण्याचा प्रश्नच नाही. तरी डोळा तेच करतो, कोपरे आपल्या मनानं भरून टाकतो. मोठ्या आकारात खाच खाच म्हणून दिसू नये एवढीच कसरत. ब मध्ये मी तिरकी रेघ दोन्ही टोकांना ५०वर आणली. ती मधे जाड आणि टोकांना निमुळती आहे हे आजवर कोणी ओळखलेलं नाही.

मराठी वळणाचा ल हा एक स्वतंत्र ताप. हिंदी वळणाच्या ल ला उजवीकडे दंड असतो, तो गुमान रांगेत उभा राहतो. आपला ल दंडाच्या आधाराशिवाय दोन्ही बाजूंना सारखा पसरतो. त्याच्या दोन वाट्या उभट केल्या तर तो अवघडून उभा राहिल्यासारखा दिसतो. हिंदी वळण मूळ ठेवून, मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितल्यावर आपला ल आणि आपला शेंडीफोड्या श येईल, अशी सोय ओपनटाइप या फाँटच्या फाइल-प्रकारात करता येते. पण बऱ्याच ठिकाणी ती भाषा कोणी सांगतच नाही, मग मराठी मथळ्यात परका ल बसतो. मी उलटं केलं: मराठी वळण मूळ, दुसरं मागितल्यास. फाँट मराठीसाठी आहे; ज्याला हिंदी हवं त्यानं एक बटण दाबावं.

ळ बद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण आठवलं तरी दमायला होतं. आडवा आठ उभ्या खोक्यात बसवायचा. सात प्रयत्न झाले. सातवा वाईट नाही.

जोडाक्षरांत पाय कुठे थांबवायचा हा प्रश्न होता. एकाखाली एक रचलेली जोडाक्षरं अरुंद जाड अक्षरात कोळशासारखी होतात, कारण ७०० युनिट उंचीत दोन अक्षरं आणि चार आडव्या रेघा कोंबाव्या लागतात. ‘लठ्ठ’ हा शब्द फाँटचं नाव म्हणून शोभेल, म्हणून मी मुद्दाम करून पाहिला. ठ खाली ठ, दोन वर्तुळांत मिळून पांढरं टिचभर. तो मोडला आणि पायमोडका ठ शेजारी ठ असा ठेवला. द्ध, द्य, द्व मात्र जोडूनच ठेवले, कारण ‘विद्या’ आणि ‘शुद्ध’ पाय मोडून लिहिलेले माझ्याच्यानं बघवले नाहीत. ‘उद्ध्वस्त’ मात्र उद्ध्वस्तच राहिला. सुसंगती नाही हे मान्य. मथळ्याचा फाँट आहे, शब्दकोशाचा नाही.

अक्षरांमधलं अंतर हा भाग त्यामानानं लवकर सुटला. आतल्या फटी ६०च्या आसपास, तर दोन अक्षरांमधली फटही साधारण तेवढीच ठेवायची, म्हणजे ओळीला एकसारखी चाल येते. अडचण दंड नसलेल्या अक्षरांची, र, ट, ड, द, ह यांची. त्यांच्या पायाशी पांढरे खड्डे पडतात. इथे शिरोरेषेनं उपकार केले: दोन अक्षरं जवळ ओढली तरी शिरोरेषा एकमेकींत शिरतात आणि कुणाला कळत नाही. अक्षरांना बाह्यरेषा देणाऱ्याला मात्र ते सगळे सांधे दिसतात, त्यासाठी आधी आकार एकत्र करून घ्यावे लागतात. हे मी फाँटसोबतच्या टिपेत लिहिलं आहे. टिपा कोणी वाचत नाही.

मधल्या काळात देवनागरीतली इतरांची कामंही नीट बघितली. ती आधीच बघायला हवी होती. इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘खंड’ आणि ‘टेको’ आटोपशीर आहेत आणि खुले आहेत. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘अनेक’ तर व्हेरिएबल आहे. रुंदीची पट्टी ७५ ते १२५ सरकवता येते आणि जाडी राखूनच अक्षर अरुंद होतं, मी पहिल्या दिवशी केली तशी चेपाचेपी होत नाही. कोणाला उद्याच मथळा छापायचा असेल तर त्यानं ते वापरावेत, दीड वर्ष घालवू नये. मला त्याहून जाड आणि त्याहून दाट हवं होतं, आणि तोवर मी हट्टालाही पेटलो होतो.

शेवटची मोजदाद केली तेव्हा ६१२ ग्लिफ झाले होते. ओळखीच्या पाच-सहा जणांना वापरायला दिला. पहिला वापर आठवड्याभरात बघायला मिळाला, एका कार्यक्रमाच्या फलकावर, एकच शब्द: ‘आभार’. जागा आडवी होती, म्हणून करणाऱ्यानं फाँट आडवा १३५ टक्के ताणला होता. फोटोवर पट्टी ठेवून हिशोब केला: शिरोरेषा ९६ धरली तर दंड १८९.

शब्द मात्र ‘आभार’च वाचता येत होता. भ ची फट ताणल्यामुळे आणखी उघडली होती.